हळदीची रात्र, मित्रांची पार्टी आणि नवरदेवाची तब्येत



लग्नाची तारीख ठरली की घरात दोन याद्या सुरू होतात. एक यादी आई-मावशीच्या वहीत असते. तांदूळ किती, डाळ किती, मांडववाला कोण, आचारी कोण, भन्तेजींना किंवा बौद्धाचार्यांना कधी सांगायचे. दुसरी यादी नवरदेवाच्या मित्रांच्या मोबाइलवर असते आणि तिच्यात एकच प्रश्न असतो : "भाऊ, बसायचं कधी?"

‘बसायचं’ म्हणजे काय, ते वस्तीतल्या लहान लेकरालाही कळते. मोठ्या शहरांत याला ‘बॅचलर पार्टी’ म्हणतात आणि आता आपल्याकडची पोरेही तोच शब्द वापरू लागली आहेत. नांदेडचे जयभीमनगर असो की लातूरचे बौद्धनगर, ही पार्टी बहुतेक हळदीच्या रात्रीच होते. डीजे थांबला की पाच-दहा जण हळूच सटकतात. कुणाच्या गच्चीवर, गल्लीच्या टोकाला, नाहीतर गाड्या काढून हायवेवरच्या ढाब्यावर. पहिल्या यादीत घरातले दहा जण लक्ष घालतात, दुसऱ्या यादीकडे कुणीच पाहत नाही. "पोरं हायेत, एक दिवस चालायचंच" असे म्हणून थोरले विषय सोडून देतात. आपल्या आरोग्य पानावर या वेळी ती दुसरी यादीच उघडायची आहे.

मित्रांनी भेटूच नये असे मी म्हणणार नाही. लग्नाआधी एक दिवस मित्रांसोबत मोकळा घालवावा असे कुठल्याही मुलाला वाटते आणि त्यात वावगे काही नाही. अडचण भेटण्यात नाही. वेळ, जागा आणि बाटली या तीन गोष्टी चुकतात. त्यातली वेळ सगळ्यात जास्त चुकते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू.

एका क्वार्टरचे गणित

दुपारी बारा-साडेबाराचे लग्न धरा. त्याआधी परण्या निघणार. मग नवरदेव पांढऱ्या कपड्यांत बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर उभा राहून त्रिशरण-पंचशील घेणार. त्यातले पाचवे शील नशेच्या पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे, हे आपल्या घरात शिकवावे लागत नाही. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. आता प्रश्न असा की, आदल्या रात्री प्यालेली दारू त्या वेळेपर्यंत नवरदेवाच्या अंगातून गेलेली असते का?

हिशेब करू. व्हिस्की-रमची एक क्वार्टर म्हणजे १८० मिली. तिच्यात शुद्ध अल्कोहोल साधारण ४३ टक्के, म्हणजे ७७ मिली. वजनात ते ६० ग्रॅमच्या आसपास होते. आपले यकृत, ज्याला आपण लिव्हर म्हणतो, ते तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोलच जाळू शकते. म्हणजे एक क्वार्टर पुरती संपवायला लिव्हरला ६ ते ८ तास लागतात. दोन क्वार्टर झाल्या तर १२ ते १६ तास. रात्री नऊला बैठक सुरू झाली आणि दोन क्वार्टर पोटात गेल्या, तर त्या माणसाचे रक्त सकाळी नऊच्या आधी मोकळे होत नाही. एखाद्याला दुपारचा एकही वाजतो. स्ट्रॉंग बिअरची मोठी बाटलीही साधी नाही. ६५० मिलीच्या आठ टक्क्यांच्या बाटलीत ४० ग्रॅम अल्कोहोल असते. "मी तर नुसती बिअर घेतली" म्हणणाऱ्याने दोन बाटल्या संपवल्या तर तो सव्वा क्वार्टर प्यालेला असतो.

हा वेग वाढवायचा कुठलाही उपाय नाही. लिंबू चाटवले, चिंचेचे पाणी पाजले, थंड पाण्याने अंघोळ घातली, काळा चहा-कॉफी दिली तरी लिव्हर आपल्याच चालीने चालते. कॉफीने माणूस जागा दिसतो, पण तो जागा असलेला दारुड्याच असतो. बोटे घालून ओकायला लावणे तर धोक्याचे. अर्धवट शुद्धीतल्या माणसाची ओकारी श्वासनळीत जाऊ शकते.

म्हणून पंचशील घेताना नवरदेवाचे ओठ हलत असतात आणि रक्तात रात्रीची दारू फिरत असते, असे प्रत्यक्षात घडते. कुणाला लाजवायला मी हे लिहीत नाही. बहुतेक पोरांना हे गणित माहीतच नसते. "रात्री दोनला झोपलो, सकाळी उठलो, उतरली" असे त्यांना मनापासून वाटते. डोके हलके झाले म्हणजे रक्त मोकळे झाले असे नाही.

त्यात आपले लग्नसराईचे दिवस म्हणजे एप्रिल-मे. नांदेड-लातूरच्या उन्हाचा पारा चाळिशी ओलांडून पुढे जातो. दारूमुळे लघवी जास्त होते आणि अंगातले पाणी कमी होते. झोप दोन-तीन तासांची, सकाळपासून गडबडीत पोटात काही नाही, अंगावर जाड कोट किंवा शेरवानी, डोक्यावर फेटा, आणि परण्या भर उन्हात दीड तास नाचत चाललेला. अशा वेळी नवरदेवाला भोवळ आली की बायका म्हणतात दृष्ट लागली. दृष्ट नाही, पाणी संपलेले असते. असे झाले तर सावलीत आडवे करा, फेटा-कोट काढा, शुद्धीवर असेल तर घोट-घोट साखर-मिठाचे पाणी द्या (एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा). अंग तव्यासारखे तापलेय, माणूस असंबद्ध बोलतोय, तर तो उष्माघात आहे. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि ताबडतोब १०८ ला फोन करा. तिथे थांबून लिंबू-सरबताची वाट बघू नका.

गाडी

हळदीच्या रात्री बाटली संपते आणि मग कुणीतरी "आणतो अजून" म्हणून मोटारसायकल काढतो. एका गाडीवर तिघे, हेल्मेट नाही. तुळजापूरहून लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला येणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आता रुंद आणि गुळगुळीत झाला आहे. त्यावर रात्री ट्रकची रांग असते आणि उसाच्या हंगामात मागचा लाल दिवा नसलेले ट्रॅक्टरही असतात. शुद्धीतल्या माणसालाही ते उशिरा दिसतात. प्यालेल्याला अंतराचा अंदाज येत नाही आणि ब्रेक मारायला हात उशिरा हलतो.

कायद्याने गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल नसावे. साठ किलोच्या पोराने एक क्वार्टर भराभर रिकामी केली तर त्याचे प्रमाण शंभराच्या पुढे जाऊ शकते. पकडला गेला तर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडाचे सोडा, तो भरता येतो. पण मांडवात आनंदाने नाचणारा मित्र दुसऱ्या दिवशी शवागारात असेल, तर त्या लग्नाची प्रत्येक वर्षगाठ त्याच्या वर्षश्राद्धासारखी येते. आणखी एक गोष्ट पोरांना माहीत नसते. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो आणि २५ वर्षांखालच्या मुलाला व्हिस्की-रमसारख्या कडक दारूचा परवाना मिळतच नाही. नवरदेवाच्या मित्रांतले अर्धेअधिक बावीस-तेवीसचे असतात.

स्वस्त बाटली

पार्टीचा खर्च वाचवायला कुणीतरी ओळखीतून ‘माल’ आणतो. लेबल बरोबर, झाकण मात्र सैल. किंवा सरळ हातभट्टी. इथे मी थांबून सांगते, कारण यात माणसे डोळे आणि जीव गमावतात.

जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालाडमधल्या मालवणीत विषारी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मेली. बहुतेक सगळी कष्टकरी, रोजंदारीवरची, आपल्यासारख्याच वस्तीतली. त्या दारूत मिथेनॉल होते. मिथेनॉल हे कारखान्यात, रंग-वार्निशमध्ये वापरायचे रसायन. ते दिसायला पाण्यासारखे, वासाला आणि चवीला दारूच्या इतके जवळचे की पिणाऱ्याला फरक कळत नाही. लिव्हर त्याचे फॉर्मिक आम्ल बनवते. मुंगीच्या डंखात जे आम्ल असते तेच हे. रक्तात साठल्यावर ते सगळ्यात आधी डोळ्याच्या नसेवर घाव घालते.

याचे कपट असे की पिल्यावर लगेच काही होत नाही. बारा ते चोवीस तास माणूस ठीक वाटतो. हळदीच्या रात्री प्यालेल्याचा त्रास लग्नाच्या दुपारी सुरू होतो. तेव्हा सगळे म्हणतात, रात्रीची उतरली नाही, झोपू द्या. पोटात जोरात दुखणे, ओकाऱ्या, धाप लागणे, आणि डोळ्यांपुढे धुके किंवा पांढरे-पांढरे दिसणे ही लक्षणे असतील तर ती रात्रीची झिंग नाही. एकाच बाटलीतून प्यालेल्या दोघा-तिघांना एकदम त्रास झाला तर शंकाच ठेवू नका. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, किंवा जवळचे उपजिल्हा रुग्णालय गाठा. बाटली उरली असेल तर सोबत न्या. डॉक्टरांना खरे सांगा, लपवू नका. पोलिसांच्या भीतीने एक तास घालवला तर तेवढ्यात डोळे जाऊ शकतात. वेळेवर पोहोचले तर यावर औषध आहे, डायलिसिसने विष काढता येते. "काट्याने काटा" म्हणून घरी आणखी दारू पाजायचा उद्योग मात्र कुणी करू नये.

‘घोरायलाय त्यो’

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. लोहा तालुक्यातल्या एका गावात माझ्या मावसभावाची हळद होती. पहाटे चारला मावशी चूल पेटवायला उठली. ओसरीवर सात-आठ पोरे आडवीतिडवी पडलेली. त्यातला एक उताणा होता आणि त्याच्या घशातून घरघर येत होती. मावशीने शेजारच्याला हलवले.

"काय झालंय रे ह्याला?"

"काय न्हाई मावशी, घोरायलाय त्यो. झोपू द्या."

"घोरणं असं नसतंय बाबा. उठ, धरू लाग."

दोघांनी मिळून त्याला कुशीवर वळवले आणि तोंडातून भडाभडा ओकारी बाहेर आली. आणखी दहा मिनिटे तो उताणा राहिला असता तर ती फुप्फुसात गेली असती. मावशी चौथी शिकलेली. कुठल्या प्रशिक्षणात बसली नव्हती. तिने लेकरे सांभाळली होती आणि तिला आवाजातला फरक कळला. तो पोरगा आज नांदेडला ऑटो चालवतो, मावशी दिसली की ऑटो थांबवतो.

प्रत्येकाच्या नशिबी पहाटे चारला उठणारी मावशी नसते, म्हणून ही कृती घरातल्या सगळ्यांनी शिकून ठेवावी. बेशुद्ध किंवा गाढ झोपलेल्या प्यालेल्या माणसाला कधी उताणे ठेवू नका, एकटे सोडू नका. त्याच्या एका बाजूला गुडघ्यावर बसा. तुमच्याकडचा त्याचा हात काटकोनात बाहेर पसरा. पलीकडच्या हाताचा तळवा त्याच्या गालाखाली आणा, पलीकडचा गुडघा उभा करा आणि तो गुडघा धरून त्याला आपल्याकडे कुशीवर वळवा. मान थोडी मागे, तोंड जमिनीकडे झुकलेले, म्हणजे जे येईल ते बाहेर पडेल. तोंडात पाणी, ताक, लिंबू काही घालू नका. हाक मारून, चिमटा काढून उठत नाही, श्वास मिनिटाला आठच्याही खाली गेला आहे किंवा मध्येच थांबतो, ओठ-नखे निळसर झाली, अंग गार पडले, झटके आले, पडून डोक्याला लागले आहे, तर १०८. "सकाळपर्यंत बघू" या वाक्याने पुष्कळ जीव घेतले आहेत.

मित्रांत कुणी साखरेच्या आजाराच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारा असेल तर त्याच्याकडे जास्त लक्ष हवे. दारूने रात्री रक्तातली साखर एकदम खाली येते आणि बाकीच्यांना वाटते, चढली. टीबीचा कोर्स चालू असलेल्याने तर एक घोटही घेऊ नये. टीबीच्या गोळ्या आणि दारू दोन्ही एकाच वेळी लिव्हरवर पडतात, कावीळ होते आणि मग कोर्स थांबवावा लागतो. आपल्या वस्त्यांत टीबी आहे, आणि तो असल्याचे मित्रांना सांगायला पोरे लाजतात. लाजून ग्लास हातात घेतात. त्या पोराच्या आईने किंवा भावाने नवरदेवाच्या कानावर एवढेच घालावे : "ह्याला आग्रह करू नका, औषध चालू हाय." पुष्कळ आहे. सकाळी डोके दुखते म्हणून सगळ्यांना पॅरासिटामोल वाटणारा एक ‘डॉक्टर’ प्रत्येक मित्रमंडळात असतो. भरपूर प्यालेल्या लिव्हरवर त्या गोळ्यांचाही भार पडतो. पाणी, जेवण आणि झोप हेच द्या.

आणखी एक गोळी या रात्री हातोहात फिरते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. "पहिल्या रात्रीला लागते" म्हणून मित्र नवरदेवाच्या खिशात घालतात. तरण्याताठ्या, निरोगी मुलाला तिची काही गरज नसते. दारूसोबत घेतली तर रक्तदाब एकदम उतरून चक्कर येते आणि छातीत दुखण्यावरच्या नायट्रेटच्या गोळीसोबत ती जीवघेणी ठरते. गोळीपेक्षाही वाईट असतो तिच्यासोबतचा सल्ला. मोबाइलवर पाहिलेले, ऐकीव, फुशारकीचे. नव्या घरात आलेली मुलगी दमलेली, घाबरलेली असते. पहिल्या रात्री काही सिद्ध करायचे नसते. तिची इच्छा विचारायची असते, आणि ती ‘आज नको’ म्हणाली तर विषय संपला. बायको ही नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची असावी, हे बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले होते. मित्रांनी सल्ला द्यायचाच असेल तर हा द्यावा.

डीजेबद्दल थोडक्यात. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून आहे. पण कान दहाची वाट बघत नाही. ८५ डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसतो, शंभर डेसिबलचा फक्त पंधरा मिनिटे. मांडवातली डीजेची भिंत त्याच्याही पुढे जाते. समोर नाचणाऱ्याच्या कानात दुसऱ्या दिवशी ‘शीं’ आवाज येतो, तो कानाच्या आतल्या बारीक पेशी दुखावल्याचा आवाज असतो आणि मेलेल्या पेशी परत येत नाहीत. शेजारच्या पत्र्याच्या खोलीत बाळंतीण असते, हृदयविकाराचा म्हातारा असतो. लेझरचे दिवे तर मांडवात नकोतच. मिरवणुकांतल्या लेझरने डोळ्याचा पडदा भाजलेले रुग्ण महाराष्ट्रात आढळले आहेत.

मग पार्टी कशी आखायची?

पहिली गोष्ट, हळदीच्या रात्रीपासून ती तोडायची. लग्नाच्या आधीचा रविवार किंवा सुटीचा दिवस घ्या, मध्ये निदान तीन-चार दिवस राहतील असा. आणि पार्टी दिवसाची करा. सकाळी निघायचे, दिवेलागणीला घरी. रात्रच नसली की निम्मे धोके आपोआप जातात. दुसरी गोष्ट, नवरदेवाने स्वतः बोलायचे. आईने बोलले तर मित्र हसण्यावारी नेतात, थोरल्या भावाने दटावले तर लपून करतात. नवरदेवाने ग्रुपवर एक ओळ टाकली की, "माझ्या लग्नात बाटली नाही, बाकी सगळं माझ्याकडून," तर वाद तिथेच मिटतो. खरे सांगायचे तर त्या ग्रुपात मनातून न पिणारे तीन-चार जण असतातच. ते कुणीतरी आधी बोलायची वाट बघत असतात.

जायचे कुठे? नांदेडकरांना अर्धापूर तालुक्यातले दाभडचे बावरीनगर महाविहार जवळ आहे. दरवर्षी जानेवारीत धम्म परिषदेला आपण गर्दीत जातो, पण एरवी शांत दिवशी तो परिसर मित्रांसोबत पाहण्याचा आनंद वेगळा. लातूरकडच्यांना उदगीरचे विश्वशांती बुद्धविहार आहे, ज्याचे लोकार्पण सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले. तिथेच उदगीरचा किल्लाही होतो. कंधारचा किल्ला, औशाचा किल्ला, खरोश्याची लेणी, सगळी एका दिवसात होणारी ठिकाणे आहेत. मोटारसायकली घरी ठेवा आणि वर्गणी काढून एक जीप किंवा टेम्पो-ट्रॅव्हलर ठरवा. पाण्यात उतरू नका. विष्णुपुरीचा जलाशय, मांजरा धरण, सहस्रकुंडचा धबधबा हे काठावरून पाहायचे. विहिरीत पोहणारा धरणात टिकेलच असे नाही, आणि एक जण बुडू लागला की त्याला वाचवायला गेलेले दुसरे दोघे जातात. कबड्डीचा डाव रंगला तर नवरदेवाला पंच करा. लग्नाच्या चार दिवस आधी त्याचा खांदा निखळला तर वरमाला घालताना पंचाईत.

जेवण मित्रांनीच रांधावे. तीन दगडांवर मटणाचा रस्सा, ज्वारीच्या भाकरी, कांदा, ठेचा. पार्टीत दारू जाऊन चुलीचा धूर आला की हात कामात गुंततात आणि गप्पा आपोआप रंगतात. फक्त उन्हाळ्यात शिजलेले दोन तासांत संपवा. उरलेला रस्सा डब्यात घालून संध्याकाळी घरी आणला की त्या डब्यातूनच जुलाब येतात. माणशी निदान तीन-चार लिटर पाणी सोबत घ्या.

गाण्याचा नाद असलेले मित्र असतील तर बाहेर जायचीही गरज नाही. विहाराच्या ओट्यावर संध्याकाळी सहा ते दहा भीमगीतांची बैठक ठेवा. ढोलकी, पेटी, वस्तीतला एखादा जुना गायक. वामनदादा कर्डकांची गाणी तोंडपाठ असलेला एक तरी काका प्रत्येक वस्तीत असतो आणि त्याला कित्येक दिवसांत कुणी बोलावलेले नसते. त्याला मानाने बोलवा. ‘बसायचं’ हा शब्द तेवढ्यापुरता जुन्या अर्थाने वापरता येईल.

पैशाचा हिशेब पोरांसमोर मांडावा. वीस मित्र, माणशी पाचशे धरले तरी दहा हजार होतात. हे बऱ्याचदा नवरदेवाच्या अंगावर येते, आणि त्याने ते गटातून किंवा फायनान्सवाल्याकडून उचललेले असतात. हप्ता मग नवी सून भरते. वर सांगितलेली दिवसाची सहल निम्म्यात होते. उरलेल्या वर्गणीतून मित्रांनी जोडप्याला चांगला पाण्याचा फिल्टर द्यावा. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे भिंतीवरच्या आणखी एका घड्याळापेक्षा ही भेट जास्त दिवस लक्षात राहील.

एका मित्राबद्दल वेगळे लिहायला हवे. जो रोज पितो, ज्याला सकाळी हात थरथरल्याशिवाय चहाचा कप धरता येत नाही. त्याला टाळू नका, चिडवू नका, आणि त्याची दारू एका दिवसात तोडायचा हट्टही धरू नका. अशा माणसाची दारू अचानक बंद झाली तर झटके येऊ शकतात. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायला हवी. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन आहे, पैसे लागत नाहीत. मनाची घालमेल असेल तर टेलिमानसचा १४४१६. लग्नाच्या गडबडीत त्याच्या हातात वाढप्याचे किंवा पाहुण्यांना स्टेशनवरून आणण्याचे (गाडी दुसऱ्याने चालवायची) काम दिले, तर तो दिवसभर माणसांत राहतो.

आणि हळदीची रात्र? नवरदेवाने आठला पोटभर जेवावे, दहाला डीजे बंद, अकराला तो अंथरुणावर. त्याच्या खोलीला कडी नको, पण दारात एक शहाणा मित्र बसवा, जो "दोनच मिनिटं बाहेर ये" म्हणणाऱ्यांना परत पाठवेल. इतके करूनही कुणी ना कुणी कुठून तरी पिऊन येणारच, हे धरून चला. त्याच्या गाडीची किल्ली काढून मावशीच्या कमरेच्या पिशवीत टाका. तिथून ती सकाळपर्यंत कुणी काढू शकत नाही.

शेवटी एक कागद. त्यावर १०८ आणि ११२, जवळच्या सरकारी दवाखान्याचे नाव, न पिणाऱ्या एका ऑटोवाल्याचा नंबर, आणि त्या रात्री जागा राहणार असलेल्या माणसाचे नाव लिहा. हळद लागायच्या आधी तो मांडवाच्या मधल्या खांबाला चिकटवा. अक्षरे मोठी आणि काळी काढा, कारण रात्री अडीच वाजता चष्मा कुणाच्याच हाताशी नसतो.